जंबोतली उरलेली जागा

परवा नागपूरला जायला विमानात बसले आणि पट्टा बांधता बांधता एक वास नाकाशी आला. कोऱ्या रेक्झिनचा, किंचित औषधी, दवाखान्यातल्या तपासणीच्या बाकाला येतो तसा. विमान अगदी नवं होतं. आसनं सडपातळ, हलकी, पाठीला जेमतेम टेकू देणारी. शिवण कुठे आहे म्हणून मी कडेवरून बोट फिरवलं, तर ती इतकी सपाट की बोटाला लागेना. आईच्या अंगाला विमानाचा जो वास यायचा तो हा नव्हे. तो लोकर मिसळलेल्या जाड कापडाचा, शिलाई मशीनच्या तेलाचा आणि कापडावर खुणा करायच्या खडूचा वास होता. संध्याकाळी ती दारात चपला काढायची, तेव्हा तिच्याआधी तो घरात यायचा.

आई एका विमान कंपनीत आसनांची कव्हरं आणि पडदे शिवायची. विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या हँगरच्या मागच्या लांबट शेडमध्ये बायकांची मशीनं ओळीने मांडलेली असत आणि तिच्याकडे जंबो जेटचं काम असे. जंबोच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी लावायचा पडदा तिच्या हातचा असायचा, याचा तिला मनातून अभिमान होता. बोलून मात्र ती तो कधी दाखवत नसे. आम्ही घाटकोपरला, असल्फ्याच्या चढावर राहायचो. उतरायला निघालेली विमानं चाकं खाली सोडून आमच्या पत्र्यांवरून जायची. बाकीच्या विमानांसाठी कुणी मान वर करत नसे, पण जंबो आलं की ताटातलं वरण थरथरायचं आणि बाबा घास हातात धरून म्हणायचे, "आले बघ तुझे पडदे." आई हसायची नाही, नुसती पदराने तोंड पुसायची. तिचं हसणं तेवढंच असायचं.

कंपनीकडून तिला दरवर्षी विमानाचं तिकीट मिळे, नवऱ्यासकट. अट एकच होती, सगळे प्रवासी बसल्यावर जागा उरली तरच बसायचं. जंबोत जागा उरायचीच. एवढं मोठं पोट कुठून भरणार? तिच्या मैत्रिणी दिल्ली पाहून आल्या, एक तर थेट लंडनला लेकीकडे जाऊन आली. आई-बाबांचं मात्र दरसाल काहीतरी निघायचं. कधी माझी दहावी, कधी गावाकडे आजीचं आजारपण, कधी बाबांचा कांजूरमार्गचा कारखाना बंद पडून घरात पसरलेला तो लांबलचक गप्प काळ. जंबो काही कुठे पळून जात नाही, असं आई म्हणायची. आपल्या डोक्यावरून रोज जाणारी वस्तू संपेल, हे कुणाला सुचतं?

पुढे जंबो कमी व्हायला लागली. त्यांची चार इंजिनं इंधन फार पितात, नव्या विमानांना दोन पुरतात, असं आई शेडमधलं ऐकून घरी सांगायची. नव्या विमानांची कव्हरं बाहेरून शिवूनच यायची. शेडमधली मशीनं एकेक करून झाकली गेली. मग एका हिवाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून घरी आल्यावर ते खाटेवर बसून खिडकीकडे बघत म्हणाले, "अगं, जाऊन येऊ या दिल्लीला. तुझ्या जंबोतनं." तेव्हा सकाळच्या एका फेरीला जंबो लागायचं. आईने तेवढं चौकशी करून ठरवलं.

त्या दिवशी मी त्यांना सोडायला विमानतळावर गेले होते. आईने जांभळी इरकल नेसली होती, बाबांनी दिल्लीच्या थंडीसाठी नवा स्वेटर चढवला होता आणि आपल्या उकाड्यात घामाघूम होऊनही ते तो काढायला तयार नव्हते. शेजारच्या घरांतून निरोप देऊन झाले होते, कुणी पेठा आणायला सांगितला होता. काउंटरशेजारच्या खुर्च्यांवर आम्ही आपलं नाव पुकारण्याची वाट बघत बसलो. रांग सरत आली तशी आई उठून काउंटरवरच्या मुलीपाशी गेली. मुलगी आईला ओळखणारी निघाली. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मावशी, विमान बदललंय. जंबोऐवजी नवीन छोटं लावलंय. पूर्ण भरलंय हो."

"एक तरी?" आईने विचारलं.

मुलीने कॉम्प्युटरवर पुन्हा पाहिलं. "एक होईल."

आई मागे वळली आणि बाबांना म्हणाली, "अहो, तुम्ही जा. मी उद्या येते."

बाबांनी स्वेटरची बाही सारखी केली. "एकटा जाऊन काय करू? ते विमान तुझं नाही आणि शेजारी तू नाहीस."

रिक्षा मिळवून आम्ही घरी निघालो. साकीनाक्याच्या गर्दीत अडकलो असताना बाबा म्हणाले, "सगळ्यांना सांगू, धुकं होतं." आई बाहेर बघत होती. असल्फ्याचा चढ आला तेव्हा ती म्हणाली, "खरं तेच सांगा. जागा नव्हती म्हणावं." चढावर बाबा दोनदा थांबले. माझ्या हातातली बॅग मागू लागले, मी दिली नाही. पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही.

आईची नोकरी त्यानंतर थोडीच उरली होती. उभी करून ठेवलेली जंबो विकायच्या आधी त्यांतले पडदे, कव्हरं उतरवायचं काम शेडमधल्या उरल्यासुरल्या बायकांना दिलं गेलं. टाके उसवायला तिचाच हात होता. खूप दिवसांनी भाजी निवडताना सहज सांगितल्यासारखं म्हणाली, की दुपारी बाकीच्या खाली गेल्या तेव्हा ती वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून जेवली. काचेतून नुसती हँगरची भिंत दिसत होती. शेजारचं आसन तिने तेवढं उसवायचं ठेवलं होतं, आणि मुकादमाने दोनदा हाका मारल्यावर तेही उसवलं.

शेवटचं जंबो मुंबईहून उडालं तेव्हा टीव्हीवर दाखवत होते. जाता जाता त्याने एकदा पंख कलवला, लोक डोळे पुसत होते. ते समुद्राकडे उडालं, त्यामुळे आमच्या पत्र्यांवरून काही गेलं नाही. आई मटार सोलत बघत होती. वाईट वाटतंय का, असं मी विचारलं.

"वाईट कसलं गं. जुनं झालं होतं. नवीन बरी आहेत, आवाज नाही, खर्च नाही." तिने शेंगेची शीर ओढली. दाणे ताटात टाकत म्हणाली, "पण जागा होती त्यात."

आता आईही नाही. नव्या विमानांत वाया काहीच जात नाही, हे मला पटतं. हिशेबाने बघितलं तर रिकामं आसन म्हणजे नुकसानच. नागपूरच्या त्या विमानातही एकूण एक जागा भरलेली होती. दार लागलं, इंजिनं सुरू झाल्याचं कळलंसुद्धा नाही. खाली काउंटरजवळ कुणी नाव पुकारण्याची वाट बघत बसलं होतं का, ते मी येताना पाहिलं नव्हतं.