सुताराच्या झोपडीतलं भांडण

वेरूळला लोक मूर्ती पाहायला जातात. मी गेले ती भांडायलाच म्हणा ना! दारव्ह्याहून एसटीत बसले तेव्हापासून माझं डोकं तापलेलं होतं.

आमचं घर सुताराचं. त्या वर्षांत कापूस सारखा बुडत गेला, लोकांनी बैल विकले. बैलच नाहीत तर बंडी, म्हणजे बैलगाडी, कोण करून घेईल? आमचे हे नुसते ओसरीत बसून राहायचे. एक दिवस म्हणाले, "वेरूळले जाऊ. वाकस देवाच्या पायापाशी ठेवतो अन् मोकळा होतो. मंग तुह्या भावाच्या दुकानात बसीन."

लाकूड तासायचा हा वाकस माझ्या सासऱ्यांचा, दांडा घामानं काळा पडलेला. तो ठेवायचा आणि माझ्या भावाकडे साखर जोखायची? मला असा राग आला की सांगता सोय नाही.

ह्यांना वाकस ठेवायचा होता ते वेरूळचं लेणं खरं बुद्धाचं. पण आम्ही सुतार माणसं त्याला सुताराची झोपडीच म्हणतो. छत दगडाचं, पण लाकडाचे वाकवलेले वासे ओळीनं लावावेत तसं कोरलेलं. समोर बुद्ध बसलेले, हात छातीशी, एका हातानं दुसऱ्या हाताचं बोट धरल्यासारखे. आमची म्हातारी माणसं सांगायची, हा विश्वकर्मा. काम करताना बोट कापलं, ते दाबून बसलाय. चुकीचं असेल, पण मी तेच ऐकत मोठी झाले.

ह्यांनी वर छताकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून वाकस काढला, मूर्तीपुढे ठेवला, हात जोडले. मग मात्र माझा तोल गेला.

"अवो, त्याचं बोट कापलं, तरी तो काम सोडून गेला का? तुमचं तं बोटबी नाई कापलं!"

तिथं आवाज असा घुमतो, की माझंच बोलणं चारी बाजूंनी मला ऐकू आलं.

"अवं, हळू बोल. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या! बंडी नाई तं पाळणे करा. कापूस बुडाला म्हून लेकरं व्हायची थांबली का?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात पहारेकरी धावत आला. "ओ काका, उचला ते. इथं काही ठेवायचं नाही."

"देवाले वाह्यलं हाये, भाऊ."

"वाह्यलं-बिह्यलं काही नाही. हत्यार आहे ते. आधी उचला!"

हे जागचे हलेनात. मीच वाकस उचलला, पदरात गुंडाळला आणि तरातरा बाहेर आले. हे मागून, "धार हाये त्याले, दे इकडं, तुह्यं बोट कापन!"

दिला नाही. परतीच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले, खिडकीकडे तोंड करून. दारव्हा जवळ आल्यावर हेच पुटपुटले, "पाळण्याले सागवान लागते. घरी सारी बाभूळ पडली हाये."

"मंग सागवान आना," मी म्हटलं. राग अजून उतरला नव्हता.