धानाच्या बांधीतलं मंडळ

मंडळाच्या सभांचं प्रोसिडिंग मी सहा-सात वर्षं लिहिलं. कारण एवढंच की मी शाळेत शिकवायचे आणि माझं अक्षर बरं होतं. त्या वहीत प्रत्येक सभेखाली 'विषय सर्वानुमते मंजूर, चहापानानंतर सभा संपली' एवढंच आहे. सभेत खरं काय झालं ते वहीत कसं लिहिणार? ते तसंच साचत गेलं. आता जुन्या शेजारणी भेटल्या आणि एक किस्सा निघाला, की दुसरी म्हणते, "अगं, अन् तो तं सांगितलाच नाई."

गडचिरोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. ऑफिसं आली, त्यांच्यामागून आम्ही नोकरदार आलो, आणि गावाबाहेर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बुजवून आमचा लेआऊट पडला. तीस-बत्तीस घरं. नळ नाही, रस्ता नाही. पावसाळ्यात चपला हातात घेऊन घर गाठायचं, आणि पाय धुवायला पाणी सगळ्यांत मिळून एका हातपंपाचं. म्हणून मंडळ काढायचं ठरलं.

पहिली सभा रामटेके गुरुजींच्या आंगणात झाली. गुरुजी हायस्कूलमधून रिटायर झालेले, दर रविवारी विहारात वंदना घेणारे, शुद्ध मराठी बोलणारे. त्यांना सचिव व्हायचंच होतं, कारण अर्ज लिहिण्याची त्यांना मनापासून आवड. अध्यक्ष व्हायला मात्र कोणी तयार होईना. जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवत होता. एवढ्यात मडावी भाऊ उठून आत पाणी प्यायला गेले. हे जंगल खात्यातून रिटायर झालेले गार्ड. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर खूप. ते परत आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी सांगितलं, "आपण अध्यक्ष झालात."

"मी तं पानी प्याले गेलो होतो," मडावी भाऊ म्हणाले.

त्यानंतर आमच्या सभेतून मधेच उठून कोणी कधी पाणी प्यायला गेलं नाही.

* * *

पाण्यावरून रोज सकाळी हातपंपाशी वाद. ज्याला थांबायला वेळ नाही तो रांगेत आपलं पाण्याचं पितळी गुंड किंवा बादली ठेवून जायचा. आमच्या ओळीतल्या शकुनबाईंनी भांडंही ठेवायचं बंद केलं. त्यांच्याकडे दोन म्हशी, घरी भांडी कमी पडायची. त्या रांगेत आपली चप्पल ठेवून जायच्या.

एक दिवस ती चप्पल कुत्र्यानं पळवली. मागच्या बाईनं आपलं गुंड पुढे सरकवलं. शकुनबाई आल्या, रिकामी जागा पाहिली आणि गुंड उचलून पुन्हा मागे ठेवलं. भांडण सभेपर्यंत आलं. गुरुजींनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाले, की चप्पलच नाही तर नंबर होता याला पुरावा काय?

शकुनबाई म्हणाल्या, "गुरुजी, कुत्र्यानं चप्पल नेली. नंबर नाई नेला."

सभेनं नंबर कायम ठेवला.

* * *

नळासाठी गुरुजींनी अर्ज केला. पहिल्या अर्जात दीड पान तर पाण्याच्या महतीचंच होतं. ऑफिसातल्या कारकुनानं तो न वाचताच परत केला. म्हणाला, तुमचा लेआऊट आमच्या नकाशात नाही. जी वस्ती नकाशात नाही तिला नळ कसा देता येईल?

गुरुजी चार वेळा गेले, चार वेळा तेच उत्तर घेऊन आले. पाचव्या वेळी मडावी भाऊ आणि मी सोबत गेलो. कारकुनानं पुन्हा नकाशा उघडला. आमच्या जागी खरंच नुसता पांढरा कागद होता. गुरुजी पाहतच राहिले. आयुष्यभर वर्गात नकाशा टांगून त्यांनी मुलांना गावं दाखवली होती, आणि आता त्यांचंच घर नकाशात नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं.

मडावी भाऊंनी हळूच विचारलं, की फवारणीवाले येतात त्यांच्याकडे कोणता नकाशा असतो. खरंच, हिवतापाची फवारणी करणारे दरवर्षी येऊन आमच्या प्रत्येक भिंतीवर गेरूनं नंबर टाकून जायचे. कारकून म्हणाला, ते खातं वेगळं.

"साहेब," मडावी भाऊ म्हणाले, "हिवताप आमचं घर बराबर शोधून राह्यला. नळालेच काऊन सापडत नाई?"

आतल्या खोलीत बसलेल्या मोठ्या साहेबांनी ते ऐकलं आणि ते हसत बाहेर आले. दुसऱ्याच आठवड्यात आमचा लेआऊट नकाशावर आला, पेन्सिलीनं का होईना.

* * *

नळ आला तो दिवस काय वर्णावा. चौकात एकच तोटी, पण फुलांची माळ, रांगोळी, सगळ्यांची घासलेली भांडी. मडावी भाऊंनी तोटी फिरवली. आतून नुसती हवा आली, फुस्स करून. तासभर हवाच आली. पेढे खाऊन सगळे घरी गेले.

पाणी आलं ते दुसऱ्या दिवशी भर दुपारी. आम्ही सगळे ऑफिसात नाहीतर शाळेत; गुरुजी आणि मडावी भाऊ, पाणी का येत नाही ते विचारायला गेलेले. संध्याकाळी मी परत आले, तर माझ्या ओट्यावरची कोरडी बादली काठोकाठ भरलेली. शेजारचं गुंडही भरलेलं. सगळ्या ओळीत ज्याची जी भांडी बाहेर होती ती भरलेली.

शकुनबाई आपल्या ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. त्या दुपारी आमच्या ओळीत घरी एकट्या त्याच होत्या. मी म्हटलं, अहो, एवढी घरं, तुम्ही एकटीनं?

"मंग का सोडून देऊ?" त्या म्हणाल्या. "हवेसाठी तुमी सारे आले होते. पानी आलं तं मी एकटीच."

* * *

मग रस्ता. गुरुजींच्या अर्जांना दोन वर्षांनी यश आलं आणि एक तरुण ओव्हरसियर चुन्याची रेघ मारत आला. रेघ सरळ शेवटच्या घरापर्यंत जात होती आणि तिच्या अगदी मधोमध एक मोहाचं झाड होतं.

झाड लेआऊटच्या कितीतरी आधीचं. दर उन्हाळ्यात पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, मैनाबाई नावाची म्हातारी पहाटे टोपली घेऊन यायची आणि त्याखालची मोहफुलं वेचून न्यायची. तिची आईही इथंच वेचायची, असं ती सांगे.

लेआऊटमध्ये दोन तट पडले. काही म्हणाले, फुलांच्या वासानं एखाद दिवशी अस्वल येईल, तोडलेलंच बरं. काहींना सावली हवी होती. गुरुजी कोंडीत सापडले. ओव्हरसियरनं बजावलं होतं, की रेघ बदलली तर प्लॅन पुन्हा मंजुरीला जाईल आणि रस्ता यंदा होणार नाही. सगळ्यांना चिखलाची आठवण होती. मडावी भाऊ अध्यक्ष, पण काहीच बोलेनात. जन्मभर झाडं राखलेला माणूस; सकाळी झाडापाशी जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे.

शेवटी झाडाखालीच सभा बोलावली. ओव्हरसियरलाही बोलावलं. मडावी भाऊ आले ते मैनाबाईला सोबत घेऊन. ती सभासद नव्हती, पण कोणी हरकत घेतली नाही. खुर्ची दिली तर ती खालीच बसली.

ओव्हरसियर भला माणूस. त्यानं तिला नीट समजावलं. बाई, रस्ता सरळ असला की बैलबंडी, सायकल, जीप, सगळं सरळ जातं. वळण आलं की वेग कमी होतो. म्हणून झाड काढावं लागतं.

मैनाबाईनं रेघेकडे पाहिलं. जिकडे रेघ जात होती तिकडे पाहिलं. मग विचारलं, "हा रस्ता कुठी जाते, बाबू?"

"त्या शेवटच्या घरापर्यंत."

"मंग थांबते?"

"हो. पुढे धानाच्या बांध्याच आहेत."

"मंग त्याले घाई कायची हाय?"

गुरुजी चष्मा पुसत बसले. शकुनबाईंनी ओव्हरसियरपुढे चहा ठेवला. त्यानं तो सावकाश पिऊन संपवला, कप खाली ठेवला, उठला, आणि बुटाच्या टाचेनं चुन्याची रेघ पुसायला लागला.