बहिणीला धाडलेला सांगावा

आई गेली ती सकाळी, न्याहारीच्या वेळेला. प्लेगाची साथ नुकतीच ओसरली होती, त्यामुळे मयताची वर्दी पाटलाकडे लगेच द्यावी लागे. ती मी दिली. बांबू, गोवऱ्या, मडकं, सगळं चुलता सांगत गेला तसं आणलं. सांगावा तेवढा माझ्या अकलेनं धाडला.

एकुलती बहीण निमगाव साव्याला दिलेली. आमच्या बोरीत लेकीला आईबापाचं मरण सरळ कळवत नसत. वाटेतच ऊर फुटेल म्हणत. मी चुलतभावाला बजावलं, "आई लई आजारी हाय, एवढंच सांग."

"त्येवढ्यानं निघंल का ती?"

"आईचं नाव काढल्यावर पळत यील."

असा सांगावा आला की जाणती माणसं काय ते ओळखतात. पण आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. आजाराचे सांगावे आधी दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा बहीण आल्यावर आई उठून बसली होती. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

ऊन कलायला लागलं. चुलता म्हणाला, "लेकीला तोंड बघू दे. वाईच थांबू." मला आईला असं सोप्यात निजवलेलं बघवत नव्हतं. मी म्हणालो, "उचला."

नदीवरून परतलो तर बहीण दारात उभी. हातात फडक्यात गुंडाळलेला तांब्या. तांदूळ भरडून तिनं आईसाठी पेज शिजवली होती, म्हणून निघायला उशीर झाला. तांब्या अजून कोमट होता.

भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "आई मेली तरी हिची चूल इझंना, बाई!"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "दादा, सांगावा काय धाडला व्हता?"

सगळं अंगण ऐकत होतं. 'उचला' म्हणणारा मीच, हे चुलता आता बोलेल, अशी मला धास्ती. मी म्हणालो, "गेली म्हणूनच सांगितलं व्हतं."

चुलतभाऊ खाली मान घालून उभा राहिला. तो माझा मिंधा होता. बहिणीनं पेज परसात ओतली.

तेव्हापासून लग्नकार्यात, पाणवठ्यावर तिला ते ऐकावं लागलं. पेज शिजवत बसलेली लेक. चुलता गेला, चुलतभाऊ गेला. मी अनेकदा तिच्या दारी गेलो, चहा पिऊन परत आलो.

गेल्या चैत्रात तिचा थोरला मुलगा स्वतः आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "मामा, आई गेली. तिनंच सांगून ठेवलं व्हतं, मामाला आजारी म्हणू नका, गेली म्हणूनच सांगा."

मला तिचं तोंड बघायला मिळालं. माझ्यासाठी तिरडी थांबवून धरली होती. तिथंही चार बायका कुजबुजल्या, हीच ती पेजवाली. मी ऐकलं आणि पाणी पाजायला पुढं झालो.

म्हणून आता लिहून ठेवतो. सांगावा खोटा होता. बहिणीला उशीर झाला तो माझ्यामुळे.