ओहोटीला बोलावलेली सभा

मुरुडच्या त्या हॉलमध्ये दुपारी चार वाजता आम्ही तिघं होतो. मुंबईहून आलेले पाहुणे, मी, आणि भिंतीवरच्या बॅनरमधला मी. हसत होता तो फक्त बॅनरमधला.

समोर लाल खुर्च्यांच्या रांगा, टेबलावर शाल-नारळ, कोपऱ्यात समोशांची टोपली आणि तिच्यावर घिरट्या घालणारी एक माशी, जिला कार्यक्रमाचं आमंत्रण वेळेवर पोचलं होतं. कोळीवाड्यातल्या बायका येणार होत्या. आमच्या संस्थेने त्यांच्या वस्त्यांत बालवाड्या चालवल्या, त्याबद्दल त्या पाहुण्यांसमोर चार शब्द बोलणार होत्या. पाहुणे खूश झाले, तर त्यांच्या ट्रस्टच्या मदतीने आमची संस्था आणखी तीन तालुक्यांत जाणार होती. आणि घरात मी जो काही उरलासुरला होतो, तोही जाणार होतो.

"येतीलच आता," मी म्हणालो. "आमच्याकडे जरा मागेपुढे होतं."

"हो हो," पाहुणे म्हणाले. थोड्या वेळाने मी काहीच न बोलता ते पुन्हा "हो हो" म्हणाले.

मग मी उठून खिडकीशी गेलो. समुद्र जागेवर नव्हता. म्हणजे होता, पण पार लांब सरकलेला. एरवी पाण्याखाली असणारे काळे खडक उघडे पडले होते आणि त्यांच्यावर रंगीबेरंगी लुगडी वाकलेली दिसत होती. माझी अख्खी सभा तिथे भरली होती.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आमच्याकडे उधाण असतं. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. पाणी मागे हटलं की बायका खडकांवर चिकटलेली कालवं काढायला जातात. अशा दुपारी मोजक्याच, त्या चुकल्या की पुढचं उधाण पंधरवड्याने. अशा दिवशी, अशा वेळी त्यांना हॉलात बोलावणं म्हणजे मुहूर्ताच्या वेळी नवरीला रेशनच्या रांगेत उभं करणं. आणि हे करणारा माणूस त्याच किनाऱ्यावर काम करून टकला झालेला.

आमच्या कार्यकर्तीने मला आठवडाभर आधी फोनवर निरोप पाठवला होता. "सर, त्या दिवशी चारला ओहोटी आहे. वेळ बदलू या का?" मी उत्तरादाखल उभा अंगठा पाठवला होता. त्या काळात मी न वाचताच सगळ्या निरोपांना उभा अंगठा पाठवत असे. बायकोने एकदा दुपारी निरोप पाठवून विचारलं होतं, "छातीत दुखायचं थांबलं का?" तिलाही अंगठाच गेला होता. तिने तो कसा वाचला, हे विचारायची हिंमत मी अजून केलेली नाही.

असा मी मुळात नव्हतो. सुरुवातीला संस्था म्हणजे एक सायकल, एक पिशवी आणि कोळीवाड्यातल्या देवळामागची एक खोली. आया टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला गेल्या की पोरं त्या खोलीत माझ्या स्वाधीन. मला गाणी येत नव्हती. मी पाढे चालीवर म्हणायचो आणि पोरं त्यावर नाचायची. खोलीला सुक्या बोंबलाचा वास इतका मुरलेला, की पावसाळ्यात भिंतीला नाक लावलं तर भूक लागायची. पिशवीत चिंध्यांच्या बाहुल्या असत. नवी नवरी होऊन आलेली माझी बायको त्या शिवायची. बाहुल्यांचे डोळे तिला नीट जमत नसत. एक बाहुली कायम संशयाने बघायची, तर दुसरी शिंक येण्याच्या बेतात.

तेव्हा माझं घड्याळ भिंतीवर होतं, म्हणजे कॅलेंडर. तिथी बघायची, भरती-ओहोटी काढायची आणि मग बायकांची बैठक ठरवायची. नवा कार्यकर्ता आला की मी त्याला आधी हेच शिकवायचो, तेही फार ऐटीत.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला घरी यायचो. बायको पडवीत बसलेली असायची. तांदळाच्या भाकरीचा वास घरातून रस्त्यापर्यंत यायचा. सायकल टेकवायच्या आत ती विचारायची, "आज कोण रडलं?" आमच्या कामाचा तेवढाच अहवाल होता. "आज कोणीच नाही," असं म्हणता आलं, की तो दिवस जिंकला. एक मुलगी मात्र रोज रडायची. आई दिसेनाशी झाली की सुरू, ती परत दिसेपर्यंत. तिच्यापायी माझा अहवाल महिनोन्महिने बिघडत राहिला. मग एका दिवशी ती संशयी बाहुली छातीशी धरून झोपली. घरी येऊन मी ते सांगितलं, तेव्हा बायकोने त्या रात्री भाकरीवर जास्तीचं लोणी घातलं.

पुढे सायकलीची मोटारसायकल झाली, मोटारसायकलीची जीप. बालवाड्या दिघीच्या खाडीपलीकडे गेल्या. मी 'भाऊ'चा 'सर' झालो. कामाचं यश तालुक्यांत मोजायला लागलो. जेवताना फोन, झोपताना गोळी, आणि रविवारी कुणाच्या तरी उद्घाटनाला नारळ. रात्री घरी आलो की हातातली बॅग कोपऱ्यातल्या काळ्या पेटीवर टेकवायची आणि आडवं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब बघा, जरा कमी करा." मी विचारलं, "रक्तदाब की काम?" ते म्हणाले, "एक करा, दुसरा आपोआप होईल." मी ते सभेत विनोद म्हणून सांगितलं. टाळ्या मिळाल्या, काम वाढलं. "आज कोण रडलं?" हे बायकोने विचारायचं कधी थांबवलं, ते मला आठवत नाही. आठवत नाही, यातच सगळं आलं.

तर मी पाहुण्यांना "आलोच" म्हणून खडकांकडे निघालो. बायकांना बोलावून आणायचं, असं मनात होतं. पायात कार्यक्रमाचे चकाकते बूट. पहिल्याच शेवाळलेल्या खडकावर मी बसलो, स्वेच्छेने नव्हे.

"अगं बघा, सर आलं," एक म्हातारी मावशी ओरडली. तिची चार नातवंडं आमच्या बालवाडीतून गेली होती. "सर, आज सभा बसून हाय का?"

"मावशी, पाहुणे थांबलेत. चला ना जरा."

"ते पावनं थांबतील. पानी थांबेल का?"

"दहा मिनिटं?"

"मंग धा मिनिटं तुमी काढा कालवं, आमी जातो हॉलात," ती म्हणाली, आणि हातातलं टोकदार लोखंड तिने खरंच माझ्या हातात दिलं. आजूबाजूच्या बायका हसल्या. "न्हाय जमायचं त्यांना," दुसरी म्हणाली, "बोट कापून घेतील आन आपल्यालाच दवाखान्यात न्यावं लागंल."

असं म्हटल्यावर मी बूट काढले. नेम धरायचा, टोक शिंपलीच्या फटीत मारायचं, झाकण उडालं की आतलं कालव अलगद काढायचं. पहिली काही चेचली. मावशी म्हणाली, "मांजराचं झालं." मग एक अख्खं निघालं. मग आणखी एक. पाठीवर ऊन, पायाला गार पाणी, कानावर त्यांच्या सुनांच्या तक्रारी. खिशातला फोन वाजत होता. वाजून वाजून तो गप्प झाला, आणि तो गप्प झालाय हेसुद्धा मला उशिरा कळलं. कितीतरी वर्षांत मी एका वेळी एकच काम केलं नव्हतं.

वर बघितलं तर आमची कार्यकर्ती पाहुण्यांना घेऊन खडकांवरून येत होती. पाहुण्यांची पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. मागून समोशांची टोपलीही आली. सभा तिथेच झाली. बायका हात न थांबवता बोलल्या, बालवाडीबद्दल थोडं आणि समोशात मीठ कमी असल्याबद्दल बरंच.

पाहुणे माझ्याशेजारच्या खडकावर जपून बसले. "छान वाटलं," ते म्हणाले. "मग तीन तालुक्यांचं धरू या? तुम्ही स्वतः आठवड्यातले किती दिवस तिकडे द्याल?"

माझ्या तोंडात 'तुम्ही म्हणाल तितके' तयार होतं. वर्षानुवर्षं ते तिथेच मुक्कामाला असतं. पण तेवढ्यात एक शिंपली उघडत होती, नजर हलवली असती तर बोट गेलं असतं. खाली बघतच मी म्हणालो, "मी नाही येणार."

"म्हणजे?"

"म्हणजे इथलंसुद्धा आता हिच्याकडे देतोय." मी कार्यकर्तीकडे बोट दाखवलं. तिला ही बातमी पाहुण्यांच्या बरोबरच कळत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

ती पाहुण्यांना म्हणाली, "तीन नको. एक तालुका करू, नीट करू. आणि बैठकांच्या वेळा मी ठरवणार."

"विचार करून कळवतो," पाहुणे म्हणाले. त्यांनी पुढे एका तालुक्याचं कळवलं. पण त्या वेळी ते ठाऊक नव्हतं, आणि तरी मला तालुके सोडाच, मावशीच्या डब्यातली कालवंसुद्धा मोजावीशी वाटत नव्हती, हे विशेष. ही कार्यकर्ती म्हणजेच ती रोज रडणारी मुलगी. माझ्या जुन्या अहवालात तिचं रडणं थांबल्याची नोंद होती. ती पुढे काय करील, याचा रकानाच नव्हता.

समोशांच्या रिकाम्या टोपलीत मावशीने दिलेली कालवं घेऊन मी घरी आलो. बॅग पेटीवर टेकवली. बायको कालवं धुवायला बसली आणि मी तिला सगळं सांगितलं. शेवटी जरा घसा खाकरून म्हणालो, "आता माझं यश तालुक्यांत मोजायचं नाही. उद्यापासून सहाला घरी." लोक देहदान जाहीर करतात, तसा आवाज लागला होता.

तिने पाणी ओतून टाकलं. "सोमवार, बुधवार, शुक्रवार मी सहाला घरी नसते. पेटी शिकायला जाते. दोन वर्षं झाली."

मी कोपऱ्याकडे बघितलं. "मला वाटलं, ती लेकीची आहे."

"लेक पुण्याला शिकायला गेली, तेव्हा मी घेतली."

"मग मी सहाला येऊन काय करू?"

"चावी शेजारी असते," ती म्हणाली. "आलात की तांदूळ धुऊन कुकर लावा. आणि आता ती बॅग उचला तिथून, मला बसायचंय."