क्रमांक नसलेले टाचण

मागच्या वर्षी सोलापूरच्या शिक्षण विभागाच्या ऑफिसात मी शिक्षकांची पाठ टाचणे तपासत होते. पहिलीचा वाचनाचा पाठ सरकारी अध्ययन निष्पत्तींशी, म्हणजे मुलांना काय यायला हवे त्याच्या क्रमांकवार यादीशी, जुळतो का, ते पाहून गुण द्यायचे. टाचण नापास झाले की शिक्षकाला पुन्हा प्रशिक्षणाला बसावे लागे.

सांगोल्याच्या एका टाचणात प्रत्येक ओळीपुढे निष्पत्तीचा क्रमांक होता. सगळे गाइडमधून उतरवलेले, त्यामुळे ‘मुलांना जवळच्या समुद्रकिनारी न्यावे’ हेही उतरले होते. माझ्या वरिष्ठ सरांनी त्याला पूर्ण गुण दिले.

अक्कलकोटकडच्या एका बाईंचे टाचण एका पानाचे होते. घरी कन्नड बोलणारी सात मुले, कोणाला कुठले अक्षर अडते आणि ओळखीच्या कन्नड शब्दावरून त्यांना मराठी शब्दाकडे कसे न्यायचे, एवढेच त्यात होते. क्रमांक एकही नव्हता.

“नापास करा,” सर म्हणाले.

“सर, पण यातून मुलं वाचायला शिकतील.”

“तुम्ही इंग्लिश मीडियमच्या. आता तुम्ही आम्हाला मराठी वाचन शिकवणार व्हय?”

बाकीचे हसले. मी पान उचलून जागेवर परत आले. तेव्हा उलट न बोलल्याचा राग अजून गेलेला नाही.

दुपारी निष्पत्तींची यादी घेऊन मी बाईंच्या प्रत्येक ओळीपुढे तिला लागू पडणारा क्रमांक लिहिला. एकही ओळ उरली नाही. तेच पान पुन्हा सरांपुढे ठेवले. त्यांनी समासातले आकडे पाहिले आणि पास केले.

बाई प्रशिक्षणातून सुटल्या. त्यांनी काय लिहिले होते, ते सरांनी तेव्हाही वाचले नाही.