समजा, रानात चुकलो

धाराशिवला आमच्या बागेत सकाळी सगळे चालायला येतात. हे काका मात्र हरवायची तयारी करायला येतात. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’नं सुरू होतं. “समजा ताई, रानात चुकलो. खायचं काय?” असं म्हणत हिरवळीतली घोळ, पाथरी उपटतात, नळाखाली धुतात आणि खिशातल्या मिठाबरोबर चावत बसतात. मलाही देतात. “खा, म्या अजून मेलो न्हाय.” माळ्यानं तेवढ्या भागातलं खुरपणंच सोडून दिलंय.

विस्तव मात्र त्यांना जमत नव्हता. कडुनिंबाखाली बसून रुईची वाळकी काडी लाकडाच्या खाचेत घुसळत राहायचे. पेटवायला मारुतीच्या देवळातली नारळाची शेंडी आणायचे, तर तीही खार घरट्यासाठी पळवायची. येणारेजाणारे हसायचे.

परवा मी शेजारून जाताना खरंच धूर निघाला. शेंडीत लाल ठिणगी दिसली. फुंकणार तोच काका थांबले. खाली वाळका पाला, वर खारीचं घरटं. त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं.

“काका, पेटलं होतं ना,” मी म्हटलं.

“व्हय. पण बोलू नका कुठं. समजा, लोकांना कळलं, तर उद्या अख्खं गाव हितं हुरडा भाजायला यील.”

“जमलं का काका, का काडेपेटी देऊ?” पलीकडून कुणीतरी विचारलं.

“न्हाय जमत बाबा,” म्हणत काकांनी ओली शेंडी पिळली आणि खारीला दिसेल अशी कट्ट्यावर वाळत घातली.