बादलीबाईचे तीन हौद

मला फिनेलच्या वासाची किळस येते. दुकानात तेच विकतो, तरी येते. कुणी कॅन मागितला की श्वास रोखून फळीवरून काढतो आणि लगेच हात धुतो. गिऱ्हाईक हसतं. हसू दे. याला कारण माझी आत्या आहे, मी आहे आणि हे आमचं गाव आहे. गावाच्या तोंडाशी आता ‘शाश्वत गाव’ असा बोर्ड लागलाय. बोर्डही प्लॅस्टिकचा.

आत्याला सगळे बादलीबाई म्हणायचे. पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. तीस वर्षं रोज सकाळी चाळीसेक घरांतून ओल्या कचऱ्याची एकेक बादली तिच्या फाटकाशी यायची. देठं, सालं, चहाचा चोथा, शिळंपाकं. आत्या प्रत्येक बादलीत कोपरापर्यंत हात घालायची. एखादी पिशवी, गोळ्यांचं रिकामं पाकीट किंवा दाढीचं पातं हाताला लागलं की बादली आहे तशी परत. वर भर रस्त्यात ऐकवायची, “हे तुझ्या नवऱ्याला वाढ. माझ्या जनावरांना कशाला?” मग त्या बाईचा आठवडाभर उद्धार. आमच्या गावच्या कचऱ्याला जेवढी शिस्त होती तेवढी शाळेतल्या पोरांना नव्हती.

तिची जनावरं म्हणजे गांडुळं. परसात विटांचे तीन हौद. एक भरायचा, एक मुरायचा, एक तयार. वर कायम ओलं गोणपाट. पहिली मूठभर गांडुळं तिने लग्नानंतर नदीकाठून आतोबांच्या जेवणाच्या डब्यातून आणली होती. आतोबांनी तो डबा परत कधी हातात धरला नाही. त्या मूठभरांची पुढची सगळी पिलावळ त्या तीन हौदांत. वर्षातून दोनदा त्याच चाळीस बादल्या खताने भरून घरोघर परत जायच्या, आणि आमच्या परसातली वांगी, टोमॅटो, भोपळे सगळे त्यावर पोसायचे. गाव तिचं खत वापरायचं आणि तिला बघून नाक मुरडायचं. मीही त्यातलाच. लहानपणी तिच्या हातचं खायला मला नको वाटायचं. आज ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

मग आमच्या हेडमास्तरांनी गावाचं नाव कुठल्याशा स्पर्धेत घातलं. परीक्षक येणार म्हटल्यावर प्रश्न पडला, दाखवायचं काय? गावात दाखवण्यासारखे तेवढे तीन हौदच होते. नेमकं त्याच आठवड्यात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. शहरात जाताना तिने फाटकाची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“रोज गोणपाटावर पाणी शिंपड. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

“एवढंच ना?”

“एवढंच. तेवढं तरी नीट कर.”

दुसऱ्याच दिवशी हेडमास्तर चार माणसं घेऊन आले. मी फाटक उघडलं. त्यांनी गोणपाटाचं टोक दोन बोटांनी उचललं आणि नाकाला रुमाल लावला.

“अरे, याला वास येतो!”

“खत आहे सर. मातीचा वास आहे तो.”

“परीक्षक बाई असा रुमाल लावून उभ्या राहिल्या तर शोभेल का गावाला? तुझ्याकडे फिनेल किती आहे?”

काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. जन्मभर शेजारी राहून एवढं कळतंच. पण हेडमास्तरांसमोर माझी अजूनही बोबडी वळते, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे दहा कॅन एकगठ्ठा कधीच खपत नाहीत. मी म्हणालो, “दहा आहेत.”

दहाही ओतले. गोणपाटं काढून, हौद उकरून, अगदी तळापर्यंत. थोड्या वेळाने गांडुळं वर यायला लागली. विटांवरून चढत होती, एकमेकांवर पडत होती, पिळवटत होती. “शी! किती घाण ही! झाडा आधी!” असं हेडमास्तर ओरडले, आणि त्या चौघांनी ती खराट्याने झाडून काळ्या पिशवीत भरली. पिशवी माझ्याच दुकानातली. मग हौदांना हिरवा रंग दिला आणि कडेने प्लॅस्टिकच्या वेली बांधल्या. मी शिडी धरून उभा होतो.

परीक्षक बाई आल्या त्याच सकाळी आत्याही परतली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने फारसं दिसत नव्हतं. फाटकाशी येताच ती थबकली. तिला नाकानेच कळलं. माणसांच्या घोळक्यातून वाट काढत ती मुरायच्या हौदाशी गेली, बाही सारून कोपरापर्यंत हात घातला आणि ओंजळभर खत बाहेर काढलं. बराच वेळ ते तळहातावर तसंच धरून होती. काही वळवळलं नाही.

“आजी, कमाल आहे तुमची!” परीक्षक बाई हौदावर वाकून म्हणाल्या. “कचऱ्याचा अजिबात वास नाही!”

“मेलंय ते,” आत्या म्हणाली. “दोन दिवस थांबा, येईल वास.”

सगळे खो खो हसले. हेडमास्तर तर सगळ्यात मोठ्याने. परीक्षक बाईंनीही हसत हसत कागदावर काहीतरी लिहिलं. नंतर थर्माकोलच्या ताटल्यांत खाणं झालं, बाटल्यांतलं पाणी झालं, आणि जाताना लोकांनी ताटल्या आणि अर्ध्या भरलेल्या बाटल्या कुठे टाकाव्यात? भरायच्या हौदात. कचऱ्याचाच तर हौद!

मला वाटलं, आत्या मला शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त किल्लीसाठी हात पुढे केला.

त्यानंतर फाटक उघडलं नाही. बायका दोन दिवस बादल्या आणून ठेवत राहिल्या, मग कंटाळल्या आणि माझ्याकडून काळ्या पिशव्या न्यायला लागल्या. आता गावाचं सगळं ओढ्यात जातं. सालं, पाकिटं, पाती, सगळं एकत्र. पुलावरून जाताना नाक दाबावं लागतं. पुलाच्या अलीकडेच स्पर्धेत मिळालेला तो बोर्ड आहे.

फाटक बंद झाल्यावर आठवड्याने आत्या दुकानात आली. उभ्या आयुष्यात तिने माझ्याकडून पिशवी घेतली नव्हती. साखरसुद्धा डब्यात न्यायची. त्या दिवशी डबा नव्हता.

“ती काळी पिशवी दे. मोठ्यातली.”

“कशाला, आत्या?”

“हौद रिकामे करायचेत. ते झाडांना घालायची हिंमत नाही मला.” तिने पिशवीची घडी बोटांनी चाचपली. कशी उघडायची ते तिला उमगत नव्हतं. मी उघडून दिली. “तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात कचरा झालाय. कुठे टाकायचा असतो रे?”

मी ओढ्याकडे बोट दाखवलं.